शेरा : नकार

अन्याय सोजरबाईवर झाला. वय बावन्न, मोसंबीच्या बागेत रोजानं जाणारी, माझी माय. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गावात दुसऱ्या डोसची लस आली तो मंगळवार होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. वेळ मला बराबर माहीत आहे, कारण मी तेव्हाच मोबाइलवर नोंदणीचं पोर्टल उघडत होते आणि ते उघडत नव्हतं.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं, वडीगोद्रीच्या हायवेपासून आत. उपकेंद्राच्या गेटापासून दारापर्यंत चुन्याचे गोल मारले होते. माणसं लिंबाखाली बसलेली आणि गोलात त्यांच्या चपला. चप्पल म्हणजे नंबर. हे गावानंच ठरवलेलं. मायच्या चपला तिसऱ्या गोलात होत्या. निळ्या, रबरी, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. ती साडेपाचला येऊन बसली होती.

आबा आले. आबा म्हणजे गावचे उपसरपंच. माय ज्यांच्या बागेत जायची तेच. हातात काठी होती.

"ह्या कुणाच्या?"

"सोजरीच्या," लिंबाखालून कुणीतरी सांगितलं.

"तिकडच्यांचं मागून घेऊ. आधी आपलं होऊ द्या."

आबांनी काठीचं टोक चपलेच्या पट्ट्यात घातलं आणि ती गेटाबाहेर फेकली. मग दुसरी. एक रस्त्यावर पडली, एक हातपंपाच्या गाळात. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागच्या तिघा-चौघांनी उठून आपापल्या चपला फक्त एक गोल पुढं सरकवल्या.

माय उठली. गाळातली चप्पल पंपावर धुतली आणि दोन्ही नेऊन रांगेच्या शेवटी ठेवल्या. चुना जिथं संपला होता त्याच्याही मागं.

मी हे सगळं खिडकीतून बघितलं. मी आत होते. गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड, समोर रजिस्टर. तेवीस वर्षांची होते, कॉलेज करून गावात आलेली. पत्रकं लिहायची, छापून आणायची, वाटायची. 'मास्क नाकावर, हनुवटीवर नाही.' 'अफवांना बळी पडू नका.' अशी माझी भाषा. मी उठायला पाहिजे होतं. बाहेर जाऊन ती काठी धरायला पाहिजे होती. तेवढ्यात पोर्टल उघडलं. मी पहिलं नाव टाकलं. ते आबांच्या चुलत्याचं होतं.

एक महिना मागं जावं लागतं, नाहीतर ही चप्पल कळणार नाही.

महिन्यापूर्वी हीच लस पहिल्यांदा गावात आली तेव्हा तिच्या जवळ कुणी फिरकत नव्हतं. गावभर एकच बोलणं. टोचलं की माणूस दोन वर्षांत जातो. गडी कामातून जातो. आबा पारावर बसून सांगायचे, "आपण मातीतले माणसं. आपली इम्युनिटी शहरातल्यासारखी न्हाई. मला बिलकुल गरज न्हाई." मास्कचंही तसंच. पारावर आपसात बोलताना सगळ्यांचे मास्क हनुवटीला. वस्तीतलं कुणी समोर आलं की वर. आमच्याशी बोलून झालं की परत खाली. तो रोग आमच्यापुरताच होता जणू.

पण वरून आकडा मागितला होता. टीम आलेली, डबा आलेला, आणि टोचून घ्यायला माणूस नाही. तेव्हा आबांनी आमच्या वस्तीत ट्रॅक्टर पाठवला. आमची बौद्धांची तीस-पस्तीस घरं. ट्रॅक्टरवाल्याला निघताना आबा काय बोलले ते मी स्वतः ऐकलं आहे.

"आधी त्यांना टोचू द्या. आठ दिवसांत काय झालं न्हाई तं मंग आपण बघू."

माय ट्रॅक्टरात पहिली चढली. मला वाटलं माझं पत्रक वाचून चढली. ती वाचत नव्हती. तिनं मला एवढंच विचारलं होतं, "तुला खरं वाटतंय का?" मी हो म्हणाले. "मंग झालं की." गावात लसीची पहिली सुई सोजरबाईच्या दंडात गेली. दोन दिवस ताप आला. तिसऱ्या दिवशी ती बागेत होती. बागेतल्या बाया तिच्याकडं बघायच्या, अजून जिवंत आहे का म्हणून. ती त्यांना म्हणायची, "हात लावून बघा गं, भूत न्हाई झाले."

मग लाट आली. एकाच आठवड्यात मळ्यातल्या तीन घरांतून माणसं गेली. पारावरची इम्युनिटी कुठं गेली कळलं नाही. जे मातीतले होते ते पहाटेपासून उपकेंद्राच्या लाइनीत. आणि ज्या बाईच्या दंडावर ह्यांनी लस तपासून घेतली, तिची चप्पल काठीच्या टोकावर.

त्या मंगळवारी दुपारी साडेबाराला सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, स्टॉक संपला. ते खोटं होतं. एक बाटली डब्यात होती. मला माहीत होतं. आबांचा मेहुणा आणि त्याच्या घरचे शहरातून निघाले होते, त्यांच्यासाठी ठेवली होती. सिस्टर वाईट बाई नव्हत्या. त्यांची बदली आबांच्या एका फोनवर होऊ शकत होती आणि त्यांना दीड वर्षाचं लेकरू होतं. वस्तीतले लोक ऊन डोक्यावर घेऊन घरी गेले. मायनं जाताना खिडकीतून आत बघितलं. मी रजिस्टरात बघितलं.

साडेतीनला गाडी आली. चौघं उतरले. बाटली फोडली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. एका बाटलीत दहा डोस असायचे. बाटली फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. चौघांना टोचलं. राहिले सहा. सिस्टर घाबरल्या. वाया गेलेल्या डोसचा जाब वर द्यावा लागायचा. आबा खुर्चीतून म्हणाले,

"घाबरून काय राह्यलात? वस्तीत सांगा. आत्ता पळत येतेत."

मग माझ्याकडं बघून, "जा गं पोरी, भोंग्यावर सांग. तुझंच ऐकतेत ते."

मी धावतच ग्रामपंचायतीत गेले. मला सहा डोस दिसत होते, बाकी काही दिसत नव्हतं. सहा डोस म्हणजे सहा माणसं. त्यात माय. मी माइक हातात घेतला आणि बोलले. शब्द न शब्द लक्षात आहे.

"वस्तीतल्या लोकांनी जल्दी उपकेंद्रात यावं. सहा डोस उरलेत. उरलेले डोस वाया चाललेत."

दोनदा बोलले. भोंग्याचं तोंड वस्तीकडंच होतं.

आता हा शब्द. उरलंय. तुमच्यासाठी साधा शब्द असेल. आमच्या गावात त्याला एक आवाज होता. देवळाची पंगत उठली, लग्नाचं जेवण झालं, की गावातला माणूस वस्तीच्या तोंडाशी उभा राहून हाक द्यायचा, "उरलंय, या." आमचे लोक टोपली घेऊन जायचे. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली त्या वर्षी वस्तीनं ठरवलं, या हाकेला उठायचं नाही. पुढचे दोन उन्हाळे लोक उपाशी झोपले, पण उठले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्दच नाही. टोपलीत भाकर उरत नाही, राहते. माय म्हणायची, "दोन भाकरी राह्यल्यात, खाऊन घे." लहानपणी मी एकदा 'उरली' म्हणाले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. मारलं नाही. नुसता हात ठेवला.

हे सगळं मला माहीत होतं. मी शिकलेली होते. आणि तोच शब्द मी भोंग्यावरून वस्तीला ऐकवला.

चौघं आले. मान खाली घालून आले, टोचून गेले. माय आली नाही. मी घरी पळाले. ती दारात तांदूळ निवडत होती.

"चल ना माय. दोन राह्यलेत. साडेसातच्या आत घ्यावं लागतंय."

"आता राह्यलेत म्हणतीस."

"काय?"

"भोंग्यावर काय म्हनलीस?"

मला कळलं. मी उलट चिडले.

"अगं ते जेवण न्हाई, औषध आहे."

"मला शिकवती का? पहिली सुई म्या घेतली. तुझ्या आबानं न्हाई घेतली." सूप हलवायचं तिनं थांबवलं नाही. "मी साडेपाचपासून लाइनीत व्हते. लाइनीत बोलव, आत्ता येते."

"आता कुठं लाइन आहे?"

"मंग भोंग्यावर जा अन् नाव घे. सोजरबाई, तुमचा नंबर आला, म्हण. एवढंच म्हण. येते."

ग्रामपंचायत आमच्या घरापासून तीन मिनिटांवर आहे. मी जाऊ शकत होते. माइक चालूच होता. माझ्या मायनं जगाकडं काय मागितलं होतं? लस फुकट होती. तिनं नंबर मागितला होता, नावासकट. आणि मी काय बोलले? मी माझ्याच पत्रकातलं वाक्य तिच्या तोंडावर मारलं.

"तुमच्यासारख्या लोकांमुळंच ही साथ जात न्हाई."

तिनं तांदळातला एक खडा काढून बाहेर टाकला.

मी उपकेंद्रात परत आले. दोन डोस बाटलीतच गेले. सिस्टर म्हणाल्या, ज्यांना बोलावलं आणि आले नाहीत त्यांच्या नावापुढं शेरा लिही. शेऱ्यासाठी वरून तीनच शब्द आले होते. घेतली. गावी नाही. नकार. चौथा शब्द नव्हता. मी मायच्या नावापुढं लिहिलं, नकार. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचे. ते 'नकार' अजून त्या रजिस्टरात आहे, सुबक, रेघेवर.

पुढचा स्टॉक बारा दिवसांनी आला. माय नवव्या दिवशी तापली. बागेत तोडणी चालू होती, व्यापाऱ्याची माणसं बिनमास्कची येऊन जात होती, माय त्यांच्या शेजारी बसून माल निवडत होती. कुणाकडून आलं, मला माहीत नाही. दुसरा डोस त्या दिवशी घेतला असता तर वाचली असती का? तेही माहीत नाही. एवढ्या दिवसांत डोसची ताकद पुरी येत नाही, हे मीच पत्रकात लिहिलं होतं. मी खोटं लिहिणार नाही. लसीनं ती नक्की वाचली असती असं मी म्हणत नाही. तिच्या हातून ती संधी काठीनं काढून घेतली, एवढंच म्हणते. आणि काठी आबांची होती, पण भोंगा माझा होता.

जालन्याला एका दवाखान्याच्या व्हरांड्यात जागा मिळाली. सहा दिवस. मला आत सोडत नव्हते. चौथ्या दिवशी तिनं शेजारच्या पेशंटच्या फोनवरून फोन लावला. धाप लागली होती. एवढंच विचारलं, "तू घेतलीस का गं सुई?" माझ्या वयाला तेव्हा लस चालू व्हायची होती. मी हो म्हणाले. मायशी शेवटचं बोलले ते खोटं.

तिचं तोंड बघायला मिळालं नाही. पिशवीवर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर नाव चुकलेलं. सोजरबाईचं सरोजाबाई. मी दुरुस्त करायला सांगितलं. तो माणूस म्हणाला, "ताई, आता काय फरक पडतो?" त्याच्या अंगावर सकाळपासून तोच पांढरा सूट होता, त्याला रागवायची ताकद माझ्यात नव्हती.

यानंतर मी पत्रक लिहिलं नाही. बरेच महिने. लसीकरण संपत आलं. गावाला शंभर टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळणार होतं. बॅनर छापला, मंडप टाकला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आबांनी मला ग्रामपंचायतीत बोलावलं. वरून एक साहेब आलेले. समोर चहा, बिस्किटं. आबांनी मला खुर्ची दिली. त्या खोलीत आमच्यातल्या कुणाला पहिल्यांदा खुर्ची मिळाली असेल.

साहेब चांगल्या आवाजात बोलले. म्हणाले, तुमच्या लिखाणाचं कौतुक ऐकलंय. अजूनही काही लोक लस नाकारतात. आकडेवारीनं त्यांच्यावर परिणाम होत नाही. घरातलं उदाहरण पाहिजे. नव्या पत्रकावर तुमच्या आईचा फोटो टाकू. खाली तुमचे शब्द.

आबांनी मजकूर तयारच ठेवला होता. वहीच्या कागदावर. मी वाचला.

'माझ्या आईने गैरसमजापोटी लस नाकारली. आज ती आमच्यात नाही. तुम्ही ही चूक करू नका.'

"तुझ्या हातून अजून चांगलं लिहून दे," आबा म्हणाले. "तुझ्या आईचं नाव व्हईल."

"माझ्या मायनं नाकारली न्हाई," मी म्हणाले.

"रेकॉर्डला आहे ना, पोरी."

"काढा रेकॉर्ड."

रजिस्टर आलं. साहेबांनी पान उघडून माझ्यापुढं फिरवलं. माझंच अक्षर. नकार. आबा खुर्चीत मागं रेलले. त्यांना वाटलं, संपलं. मलाही एक क्षण तसंच वाटलं. ज्यानं आपल्या हातानं लिहून दिलंय तो काय भांडणार?

मग दिसलं की अक्षर माझं आहे, म्हणजे ते खोडायचा हक्क या खोलीत फक्त मलाच आहे. साहेबांच्या पुढ्यातला पेन उचलला. 'नकार' वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'लाइनीतून काढले. सकाळी ७.१०. चप्पल काठीने फेकली. स्टॉक असताना संपला म्हणून सांगितले.' पुढं कुणी काढलं ते नावासकट लिहिलं. जागा संपली तर समासात लिहिलं. खाली सही केली.

साहेब उभे राहिले. "अहो, हा सरकारी कागद आहे."

"म्हणूनच लिहिलं, साहेब. घरच्या वहीत लिहून काय करू?"

आबा बोलले ते वेगळ्या आवाजात. तो आवाज मी ओळखते. त्या आवाजात खुर्ची नसते. "ज्या बागेनं तुला शिकवलं तिलाच चावती का?"

"मला मायनं शिकवलं, आबा. बागेत ती कामाला होती."

चहा तसाच ठेवून मी बाहेर आले. पायऱ्यांवर मी खाली बसले. शूर-बिर काही वाटत नव्हतं. माय गेल्यावर सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा रडले, ग्रामपंचायतीच्या पायरीवर, दिवसाढवळ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

माझं कार्ड काढून घेतलं. सरकारी कागद खराब केल्याची तक्रार झाली, दोन वेळा ठाण्यात जाऊन बसले. वस्तीतल्या बायांना त्या हंगामात बागेत बोलावलं नाही. काही जणी माझ्यावरच चिडल्या आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रमाणपत्र गावाला मिळालं. ते पान नंतर नव्यानं उतरवून काढलं म्हणे. नव्या पानावर माझ्या मायपुढं पुन्हा 'नकार' आहे. या वेळी अक्षर माझं नाही.

आता साथ गेली म्हणतात. मास्क कुणाच्या खिशातही नाही. आणि पारावर परत तेच बोलणं चालू झालं आहे. लसीनं हार्ट अटॅक येतो. लस घ्यायलाच नको होती. आपली इम्युनिटीच खरी. बोलणारे तेच, ज्यांनी मायला मागं ढकलून दोन-दोन डोस घेतले. घेऊन झाल्यावर शंका घेणं ही चैन आहे. शंका घ्या. प्रश्न विचारा, औषधाबद्दल प्रश्न विचारायला माझी कधीच ना नव्हती. पण तुमच्या शंकेला विचार म्हणायचं आणि माझ्या मायच्या मानाला गैरसमज म्हणायचं, हे मी चालू देणार नाही. मी लस घेतली आहे, दोन्ही डोस, लाइनीत उभं राहून. उद्या नवी साथ आली तर परत पत्रक लिहीन, परत घ्या म्हणून सांगेन. पण भोंग्यावर पहिलं नाव वस्तीतलं असेल, नंबरानं असेल, आणि ते होईपर्यंत माइक मी सोडणार नाही.

तुमच्याकडून मला सहानुभूती नको. 'वाचून सुन्न झालो' असं मला कळवू नका. एक काम करा. तुमच्याही गावात उपकेंद्र आहे आणि त्यात असंच एक रजिस्टर आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि शेऱ्याच्या रकान्याची प्रत मागा. जिथं जिथं 'नकार' लिहिलंय ती नावं उतरवून घ्या, त्या घरांत जा, दारात नाही, आत जाऊन बसा, आणि विचारा : तुम्हाला कुणी बोलावलं, किती वाजता, काय शब्दात? जे सांगतील ते त्यांच्या शब्दात लिहा, तारीख घाला, सही करा आणि ग्रामसभेत उभं राहून मोठ्यानं वाचा. या महिन्याच्या ग्रामसभेत. पुढच्या नाही.